गोठ्यातली गाडी

परवा नातवाने नवी गाडी दारात आणली आणि माझ्या हातात नारळ दिला. नारळ फोडायच्या आधी मी म्हटलं, "बॉनेट उघड बघू." त्याने उघडलं. आत काळ्या प्लॅस्टिकचं एक भलंमोठं झाकण. इंजिन कुठे आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, "आजी, ते आपण बघायचं नसतं. ते सर्व्हिस सेंटरवाले बघतात." मी नारळ फोडला, पण मन काही भरलं नाही. जिच्या पोटात काय आहे ते घरच्यांना ठाऊक नाही, तिच्यावर घरच्यांनी भरवसा ठेवायचा तरी कसा, असं मनात आलं. आणि पाठोपाठ हेही आलं, की आमच्या गाडीच्या पोटात काय आहे ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं. आम्हीच ते तिच्या पोटात घातलं होतं. तरी व्हायचं ते झालंच. त्या दिवसाचा धक्का माझ्या अंगातून अजून पुरता गेलेला नाही. पावसाळ्यात कुणी बंद दाराआड झोपलंय असं कळलं की मी आधी दार उघडते आणि मग झोपमोड केल्याबद्दल बोलणी खाते.

आम्ही लोणावळ्याला तुंगार्लीच्या वाटेवर राहत होतो. माझे वडील, अण्णा, मुंबईच्या शेटलोकांच्या बंगल्यांची देखभाल करत. शेटलोक यायचे उन्हाळ्यात आणि दिवाळीत. बाकीचं वर्ष ते बंगले अण्णांचेच असत म्हणायला हरकत नाही. कौलं शाकारणं, पंप चालू ठेवणं, नळ, कुलपं, बिजागऱ्या, सगळं ते स्वतःच्या हाताने करत. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे लोखंड खाणारा पाऊस. चार महिन्यांत कडी गंजते, कपाटातल्या कोटाला बुरशीची दाढी येते, मिठाचं पाणी होतं. या पावसाशी भांडून भांडून अण्णांच्या बोटांना अक्कल आली होती. आई म्हणायची, "यांना देवळात नेलं तर हे देवाला नमस्कार करायच्या आधी घंटेचा हुक तपासतात." ते खरंच होतं.

घराला लागून गोठा होता आणि गोठ्यात तांबू नावाची गाय. गोठ्याची भिंत आणि आतल्या लहान खोलीची भिंत एकच. तिच्यात फळीने बंद होणारा एक झरोका होता. गाय अवघडलेली असली की आई त्यातून तिच्यावर नजर ठेवी. पण आई त्या झरोक्याबद्दल बोलायची ते वेगळ्याच कारणाने. माझ्या थोरल्या बहिणीच्या, इंदूताईच्या, आणि माझ्या जन्माच्या वेळी ती त्याच लहान खोलीत बाळंत झाली होती. दोन्ही वेळा बाहेर मुसळधार पाऊस. "पलीकडे तांबूची आई बांधलेली असायची," आई सांगायची. "झरोका उघडला की तिच्या अंगाची ऊब आत यायची. शेगडीची ऊब टोचते. गाईची ऊब कशी, कुणी जवळ बसल्यासारखी." तांबू म्हातारी होऊन गेली तेव्हा आई किती तरी दिवस गोठ्यात पाऊल टाकत नव्हती. मग त्या रिकाम्या गोठ्यात गाडी आली.

एका पारशी शेटजींची ती जुनी उघडी गाडी. वर कापडी हूड, बाजूला चढायला लांब पायपट्टी, पुढे पितळी दिवे. लढाई सुरू झाली, शेटजींचं येणं कमी झालं, बंगल्याच्या शेडमध्ये गाडीच्या गादीत उंदरांनी संसार थाटला. शेटजी अण्णांना म्हणाले, "तमे घेऊन जाव. चालली तर तुमची, नाय चालली तर कोंबड्या ठेव." अण्णांनी ती नांगरगावच्या एका शेतकऱ्याचे बैल जोडून घरी आणली. पुढे बैल, मागे मोटार, आणि स्टिअरिंगवर ताठ बसलेले अण्णा. सगळं तुंगार्ली बघायला लोटलं होतं. एक म्हातारा मावळा अण्णांना म्हणाला, "भाऊ, ह्या गाडीपरास आमची छकडी बरी, तिला बैल तरी शोभत्यात." अण्णा हसले, पण कान लाल झाले होते. आईने मात्र भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गाडीच्या नाकावर हळदकुंकू लावलं. गोठ्यात येईल ते लक्ष्मीच, असा तिचा हिशेब. गाडीचं नाव घरात पडलं म्हातारी.

म्हातारीला चालती करायला आम्हाला पावसाळा आणि हिवाळा असे दोन्ही लागले. आम्हाला म्हणजे अण्णांना आणि मला. ताई लग्न होऊन तळेगावला गेली होती, मला भाऊ नव्हता, आणि मला स्वयंपाकघरात मन नव्हतं. आईने आधी कुरकुर केली, मग माझ्यासाठी जुन्या लुगड्याचा एक काळा झगा शिवून दिला. त्या झग्याला रॉकेलचा असा वास यायचा की मांजरही जवळ फिरकत नसे. प्लग घासून त्यांची फट बसवणं माझ्याकडे होतं, कारण माझी बोटं बारीक. ब्रेकचे पट्टे मिळत नव्हते म्हणून अण्णांनी पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा कापून रिबिटांनी बसवला. ब्रेक दाबला की चाकांतून गव्हाचं पीठ उडतंय की काय असं वाटायचं. रॅडिएटर गळत होता. कुणी सांगितलं, त्यात नाचणीचं पीठ घाला. आम्ही घातलं. गळती थांबली, पण चढाला पाणी उकळलं की साऱ्या रस्त्यावर आंबिलीचा वास. खंडाळ्याच्या चढावर एकदा आमच्या मागून चालणारा गुराखी म्हणाला, "लय भूक लागली की हो हिच्यामुळं." हूड आईने मशीनवर शिवलं आणि मेणबत्त्या घासून घासून त्याला पाणी न झिरपेल असं केलं. माझ्या आयुष्यात मी पुढे पुष्कळ सुखं पाहिली, पण हँडल मारताच म्हातारी पहिल्यांदा खाकरून बोलली तेव्हासारखं सुख थोडंच. मी रडले होते. अण्णा रडले नाहीत, पण चष्मा पुसत बसले.

आणि गाडी चालायला लागली तसं पेट्रोल मिळेनासं झालं. कुपनावर मिळे ते एवढंसं, की स्टेशनवर एखादा पाहुणा आणायला गेलो तर परतीला ढकलायचीच पाळी. अण्णांनी पुण्याच्या वाटेवर कोळशावर चालणारी एक बस पाहिली होती. मागे पिंपासारखी भट्टी. तिच्यात कोळसा पेटवायचा, हवा कोंडून पुरवायची, म्हणजे कोळसा नीट न जळता त्यातून एक वायू निघतो, तो गाळून इंजिनात सोडायचा. अण्णांनी ड्रायव्हरला चहा पाजून ती भट्टी खालून वरून पाहून घेतली आणि घरी आले ते थेट न्हाणीघरात गेले. आमचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. त्याच्या जाळीकडे ते ज्या नजरेने बघत होते ती आईने ओळखली. "बंबाला हात लावाल तर मी माहेरी जाईन," ती म्हणाली. अण्णांनी समजूत काढली, की फक्त जाळी हवी आहे. जाळी गेली, मग नळी गेली, आणि महिनाभराने आम्ही सगळे चुलीवर पाणी तापवत होतो.

एका जाड पत्र्याच्या पिंपाची भट्टी झाली. ती गाडीच्या मागे पट्ट्यांनी बांधली. बंगल्याच्या बागेतल्या जुन्या पाइपांतून वायू पुढे आणला, वाटेत काथ्याने भरलेल्या डब्यातून तो गाळला. सांधे लिंपायला आई बसली, कारण चूल लिंपण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भट्टी पेटवायची वेळ माझी असे. मी हातपंखा फिरवायची, अण्णा खालच्या भोकाशी काकडा धरायचे. बऱ्याच वेळाने वरच्या तोटीशी काडी लावली की निळी ज्योत पकडायची. निळी ज्योत दिसली की वायू तयार. कामशेत-कान्ह्याकडून डोंगरातला ऐनाच्या लाकडाचा कोळसा बैलगाडीने येई. मी तो सुपारीएवढा फोडून चाळायची. कोळसा कोरडा हवा, नाहीतर गाडी धापा टाकते. म्हणून कोरडा कोळसा पत्र्याच्या डब्यांत गाडीसाठी, आणि दमट उरलासुरला शेगडीसाठी, अशी वाटणी अण्णांनी करून टाकली. आईला ती आवडली नाही. "माणसांना ओला आणि मोटारीला सुका," ती म्हणायची. तिचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं.

एकदा रिमझिम पाऊस होता म्हणून गोठ्याच्या दाराचं एक फळकूट लोटून मी आत पंखा फिरवत होते. कानशिलं ठोकायला लागली. गुडघे पिठाचे असावेत तसे झाले. पुढचं मला आठवतं ते अंगणातल्या चिखलात उताणी पडल्याचं, आणि वर अण्णांचा पांढराफटक चेहरा. त्यांनी मला ओढून बाहेर काढलं होतं. त्या दिवसापासून नियम झाला: भट्टी पेटती असली की गोठ्याची दोन्ही दारं सताड उघडी, आणि ती वाऱ्याने लागू नयेत म्हणून एकेका दाराला एकेक धोंडा. अण्णांनी आईला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही, पण माणूस त्यात बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही. आई ऐकून म्हणाली, "धूर नाही, वास नाही, आणि म्हणे विष. मी लग्न झाल्यापासून शेगडीपाशी बसते आहे. पोरीला पित्त झालंय, उपाशीपोटी पंखा फिरवते." आणि तिने मला कोकमाचं सरबत दिलं. मी आजही तिला दोष देत नाही. आमच्या घरात वाईट काही यायचं ते धुरातून यायचं. धुराने डोळे जात, खोकला होई, भिंती काळ्या पडत. जिथे धूर नाही तिथे भिण्यासारखं काही असेल, हे तिला कुणी आयुष्यात सांगितलं नव्हतं.

त्या आषाढात ताई बाळंतपणाला आली आणि मुलगी झाली. लहान खोलीत बाज मांडली, दाराला घोंगडी लावली, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही हा आमच्याकडचा कायदाच. ताईच्या कानांवरून पट्टी बांधलेली, पायांत लोकरीचे मोजे, बाजेखाली शेगडी. नांगरगावची धोंडाबाई मावशी रोज यायची, बाळबाळंतिणीला तेल लावून शेकून न्हाऊ घालायची, ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची. घरभर तुपात भाजलेल्या डिंकाचा, अळिवाच्या खिरीचा आणि त्यात गाडीच्या वंगणाचा वास. बाळ इतकं लहान, की धोंडाबाईच्या पायांवर पालथं घातलं म्हणजे दिसेनासं व्हायचं. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नाव नव्हतं. आम्ही तिला नुसतं 'ठकी' म्हणत होतो.

अडचण झाली ती शेगडीची. दमट कोळसा धुमसायचा. ताई खोकून खोकून रडकुंडीला यायची, टाके दुखायचे, बाळाचे डोळे चिकटायचे. अण्णांनी गाडीचा एक डबा कोळसा काढून दिला, पण गाडी तेव्हा बंद ठेवण्यासारखी नव्हती. पुराने कुठे कुठे वाट तुटली होती, आणि बंगल्यांकडे, स्टेशनकडे सारखी धाव होती. डबा संपला आणि धूर परत सुरू झाला. मग एक दिवस मी आत गेले तर धूर नाही. शेगडी बाहेर काढून ठेवलेली. खोली उबदार. आईने झरोक्याची फळी काढली होती, आणि पलीकडे, तांबू उभी राहायची नेमकी त्या जागी, गाडीची मागची बाजू आणि तापलेली भट्टी.

"बघ कशी ऊब येते," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "धूर नाही, वास नाही. अगदी गाईसारखी."

मी म्हटलं, "आई, अण्णांनी सांगितलं होतं ना?"

"दारं उघडी आहेत ना गोठ्याची? मग झालं तर."

दारं उघडी होती हे खरं. मी अण्णांना सांगितलं. ते येऊन बघून गेले, झरोका लावा म्हणाले; आईने त्यांच्यासमोर लावला आणि ते गेल्यावर उघडला. त्यानंतर ताईचं डोकं दुखायला लागलं. दुपारी ओकारी झाली. धोंडाबाई म्हणाली, "वैनी, नजर लागली बगा. कुणाची तरी पांढऱ्या पायाची सावली पडली." पण ताईचे गाल कसे फुलासारखे लाल झाले होते. आईला त्या लालीचं कोण कौतुक. "बाळंतपण मानवलंय माझ्या इंदूला," ती सांगायची, "आणि म्हणूनच नजर लागते." तिने मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. आम्ही सगळ्या ठसका यायची वाट बघत उभ्या. ठसका आला नाही. मिरच्या जळून ठसका आला नाही म्हणजे नजर जबर, हे घरात लहान पोरालाही ठाऊक. आईने बाळाच्या गालावर काळी तीट मोठी केली आणि खिडकीच्या फटीत आणखी एक चिंधी कोंबली. तो ठसका का आला नाही, याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस आडवा येत होता. असा, की अंगणातली तुळस दिसत नव्हती. अण्णा स्टेशनवरून एक कुटुंब बंगल्यावर पोचवून आले, संध्याकाळच्या आगगाडीला परत स्टेशनवर जायचं म्हणून भट्टी धुमसती ठेवली, दारांना धोंडे लावले आणि छत्री घेऊन वरच्या बंगल्याचं गळतं कौल बघायला गेले. मीही त्यांच्याबरोबर गेले होते, टोपल्या-घमेली मांडायला. तिथून मला त्यांनी आधी घरी पाठवलं. मी चिंब भिजून अंगणात आले आणि गोठ्याकडे बघितलं. दोन्ही दारं लावलेली. आतून नाही, बाहेरून कडी घातलेली. धोंडे नीट एका बाजूला, एकावर एक रचून ठेवलेले. आई कुठलीही वस्तू बाजूला करायची तर अशीच नीट ठेवायची.

मला आधी कळलंच नाही मी काय बघते आहे.  आडव्या पावसाचा ओला वारा गोठ्यातून झरोक्यावाटे बाळंतिणीवर येत होता, म्हणून आईने दारं लावली होती. वारा लागू नये म्हणून. इतकं सरळ होतं ते.

मी कडी काढून दारं लोटली आणि तशीच घरात धावले. घोंगडी सारली. खोली मऊ, उबदार, शांत. इतकी शांत खोली मी त्या घरात कधी पाहिली नव्हती. ताई कुशीवर, तोंड थोडं उघडं, गाल लालभडक. बाळ तिच्या दंडापाशी, चिंधीच्या बाहुलीसारखं. आणि आई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर अर्धवट घडी घातलेलं दुपटं, डोळे अर्धे मिटलेले. मी हाक मारली. आईने मान उचलली आणि अगदी जडपणे म्हणाली, "हळू. आत्ताच डोळा लागलाय दोघींना."

मी ताईला हलवलं. तिचं डोकं नुसतं इकडून तिकडे गेलं. माझी स्वतःची कानशिलं ठोकायला लागली होती आणि ते ठोकणं मला ओळखीचं होतं. मी बाळाला उचलून झग्यात घातलं आणि दुसऱ्या हाताने ताईच्या अंगाखालची गोधडी ओढली. ती गोधडीसकट बाजेवरून धप्पकन खाली आली. तो आवाज ऐकून आई पुरती जागी झाली. तिने माझा झगा धरला. "वेडी झालीस का? कुठे नेतेस? पाऊस आहे बाहेर, वारा लागेल तिला."

"आई, सोड."

"वारा लागेल गं. कच्ची बाळंतीण आहे."

ती मला मारत होती. माझ्या आईने मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. अंगात बळ नव्हतं तिच्या, तरी ती माझ्या पाठीवर मुठी मारत होती आणि मी गोधडी ओढत होते. मागच्या पडवीत धोंडाबाई दुपटी पिळत होती, ती धावत आली आणि दारात आडवी उभी राहिली. "आगं पोरी, कुटं न्हेती तिला? मरंल ना ती गारठ्यानं."

"मावशी, मेलीच आहे," मी ओरडले. "हे बघ." आणि झग्यातून बाळ काढून तिच्यापुढे धरलं. बाळाची मान लोंबत होती. धोंडाबाईने ते पाहिलं.  वाकून तिने गोधडीचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही ताईला ओटीवरून थेट अंगणात नेलं.

त्या पावसात. बाळंतिणीला, कानांवरची पट्टी सुटलेली, मोजे निथळणारे, उघड्या आभाळाखाली. धोंडाबाई तिच्या तोंडावर पदराने वारा घालत होती. जिने इतकी बाळंतपणं वाऱ्यापासून राखली ती बाई आपल्या हाताने वारा घालत होती आणि मोठ्याने रडत होती. मी बाळाला उताणं धरून त्याच्या तोंडावर फुंकर घातली. काही नाही. पुन्हा घातली. पावसाचे थेंब त्याच्या कपाळावर, मिटल्या डोळ्यांवर, त्या मोठ्या काळ्या तिटेवर पडत होते, आणि तीट विरघळून गालावरून खाली येत होती. मग त्याचा ओठ थरथरला. एक बारीक, मांजरीच्या पिलासारखा आवाज आला. मग एक श्वास, आणि मग ती ठकी जी किंचाळली ती किंचाळी मला आज या खोलीत ऐकू येते. ताईला थोड्या वेळाने ओकारी झाली आणि तिने डोळे उघडून विचारलं, "मी भिजले कशी?"

आई ओटीच्या खांबाला धरून उभी होती. ती एकदा आमच्याकडे बघत होती, एकदा गोठ्याच्या उघड्या दाराकडे. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, राग नव्हता. नुसतं कुणीतरी भलतंच काही सांगितल्यासारखं. ती स्वतःशीच म्हणाली, "गाय होती तेव्हा काही नव्हतं झालं." पुन्हा तेच म्हणाली. मला वाटतं, ती मला विचारत होती.

अण्णा आले तेव्हा आम्ही ताईला ओटीवर आणून कोरडं करत होतो, सगळी दारं-खिडक्या उघड्या.  रचलेले धोंडे त्यांनी पाहिले आणि त्यांची छत्री हातातून गळाली. मग ते गोठ्यात गेले आणि एकट्याने गाडी ढकलत बाहेर पावसात घेऊन आले. एरवी ती हलवायला दोघं लागत. तापल्या भट्टीवर पाऊस पडला, वाफेचा लोट उठला, आणि पत्रा फुटल्याचा आवाज झाला. त्यांनी भट्टीचे पट्टे हातांनी सोडवले. पट्टे तापलेले होते. ते कळल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. हात भाजल्याचं मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा त्यांना घास घेता येईना आणि आईने त्यांना भरवलं. बाजारातून डॉक्टर आले, त्यांनी दोघींना तपासलं, आईलाही तपासलं. "बाहेर कुणी काढलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता तर," आणि त्यांनी बॅग बंद केली.

 अण्णांनी झरोका विटांनी बुजवला. लिंपायची वेळ आली तेव्हा त्यांनी आईकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि ती भिंत मी लिंपली, वाईट लिंपली. ठकीचं बारसं थाटात झालं, पण आईने पाळण्याला हात लावला नाही. ती लांबूनच बघायची. लढाई संपल्यावर पेट्रोल आलं, म्हातारी पुन्हा पुष्कळ वर्षं चालली, अण्णांनी आणि मी तिला नवे ब्रेक, नवे दिवे, नवी गादी सगळं केलं. पण गोठ्यात ती पुन्हा कधी गेली नाही. उन्हापावसात अंगणातच उभी असायची, आईने शिवलेलं हूड घालून. वसुबारसेला आई तिच्याकडे न बघता तुळशीपाशी दिवा लावायची.

पुढे माझं लग्न झालं, आणि माझंही पहिलं बाळंतपण नेमकं भर पावसात आलं. मी माहेरी जायला कां कू करत होते. कारण कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा आईच माझ्या घरी आली, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. सासूबाईंनी रीतीप्रमाणे खोली बंद करून ठेवली होती. आई आत आली, तिने बाळाकडे पाहिलंही नाही, सरळ गेली आणि खिडकी सताड उघडली. गार वारा आणि पावसाचे तुषार आत आले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अहो विहीणबाई, वारा लागेल तिला."  आईने पाट ओढला, खिडकी आणि माझी बाज यांच्या मधोमध ठेवला, आणि खिडकीकडे पाठ करून त्याच्यावर बसली. तिची पाठ भिजली, पातळ अंगाला चिकटलं. मी म्हटलं, "आई, तू आजारी पडशील." ती म्हणाली, "तू झोप." आणि मी झोपले होते तितका वेळ ती तशीच बसून राहिली.